दौंड–शिरूर, व्हाया पोलंड

जुलै २०२२ ची गोष्ट. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका बाईला कंपनीने पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात काम देऊ केलं. मुलगी नऊ वर्षांची. नवऱ्याशी कोर्टात वाजलेलं, पण निकाल लागलेला नव्हता. कागदोपत्री लग्न शाबूत. नवरा म्हणाला, मुलगी देशाबाहेर जाणार नाही. पोलंडच्या शेजारी युक्रेनमध्ये युद्ध पेटलंय, हाही मुद्दा मांडला गेला. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने बाईला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली. आईच्या हातची संधी काढून घेता येणार नाही, बापापासून मुलगी तुटता कामा नये, दोन्हीचा मेळ घाला, असा निकालाचा मथितार्थ. सुट्टीत मुलीला बापाच्या भेटीला आणायचं, या अटीवर बाई लेकीला घेऊन जायला मोकळी झाली.

आता दौंडला या. इथल्या एका सुनेला लेकराला घेऊन माहेरी, शिरूरला राहायला जायचंय. रांजणगावच्या एमआयडीसीत काम मिळतंय, आई-वडील पोर सांभाळायला तयार आहेत. मधे आडवी आहे ती फक्त भीमा. जिल्हा तोच, कलेक्टर तोच, एसटी तीच. बदलतो तो खासदार, कारण शिरूर हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ आणि दौंड बारामतीत. वाटेत युद्ध नाही, व्हिसा नाही, विमान नाही. तरी बाई अडकून पडली आहे.

कारण पोलंडवालीच्या वाटेत कोर्ट होतं. दौंडवालीच्या वाटेत बैठक आहे.

*

बैठकीचा थाट ठरलेला. ओसरीवर सतरंजी, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांवर दोन्हीकडचे चुलते-मामा, एक माजी सरपंच, एक सोसायटीचा संचालक, झालंच तर पोलीस पाटील. बायका आत, दाराआड. जिच्यावरून बैठक बसली ती चुलीपुढे, तिसऱ्या चहाचं आधण टाकतेय. आणि ज्याच्यावरून खरं भांडण व्हायला हवं तो साडेचार वर्षांचा गडी अंगणात मामाच्या मोबाइलवर गेम खेळतोय.

"पावणं, पोरीला जरा समजावा. भांड्याला भांडं लागायचंच."

"लागू द्या की. पर दर बारीला आमच्या पोरीच्या डोक्यालाच कसं लागतं?"

"जाऊ द्या आता ते. तिला न्या चार दिस शिरूरला. डोकं शांत झालं की लावून द्या."

"आन् बाळ?"

"बाळ ऱ्हाईल की हितंच. त्याची शाळा बुडंल."

बाळ अंगणवाडीत आहे.

हे चार दिवस मोठे चिवट असतात. दिवाळीला सुरू होतात, आषाढीपर्यंत पुरतात. बाई शिरूरला, पोर दौंडला, लग्न जागच्या जागी आणि बैठक आपली पुढच्या तारखेला. मधल्या काळात पोराचे दोन दात पडतात, त्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते.

बैठक लग्न वाचवायला बसते, हे कबूल. वाईट हेतूने कुणी सतरंजीवर येत नाही. पण लग्न वाचवायचं तिच्याकडे हत्यार एकच: लेकरू. पोर ठेवून घेतलं की बाई झक मारत परत येते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून पोराचं वेगळं बोलायचंच नाही. बाईने नुसतं म्हणावं, "माझं मूल माझ्याकडे द्या," की लगेच माजी सरपंच सावरून बसतात: "म्हणजे तुला सोडचिठ्ठीच पायजे म्हण की!"

नाही हो सरपंच. तिला पोर पाहिजे. सोडचिठ्ठीचं ती नंतर बघेल, किंवा बघणारही नाही. लग्न टिकवायचं की मोडायचं हा एक प्रश्न झाला. पोर उद्या सकाळी कुणाच्या घरात उठेल हा दुसरा. पहिल्याला लागतील तितकी वर्षं लागू द्या. दुसऱ्याला उद्याची सकाळ एवढीच मुदत असते.

*

कायद्याला हे आपल्या आधी कळलं. 'पालक आणि पाल्य अधिनियम' आला १८९० साली, म्हणजे जोतीराव फुले गेले त्या साली. तो सगळ्या धर्मांना चालतो, आणि घटस्फोट झालाय की नाही हे अर्जदाराला विचारत बसत नाही. पोर नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करा, पोराचं हित कशात आहे ते दाखवा. शिरूर-दौंडला कौटुंबिक न्यायालय नाही. १९८४ च्या कायद्याने ते दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी सक्तीचं केलं, आणि आपल्याकडे दहा लाखांवर काही असेल तर उसाच्या मोळ्या. पण म्हणून दार बंद नाही.

दुसरं दार हिंदू विवाह कायद्याचं, १९५५ चं. कलम २६. या कायद्याखालचा कुठलाही दावा चालू असताना मुलांचा ताबा, सांभाळ, शिक्षण यांबद्दल कोर्ट मधल्या काळापुरता आदेश देऊ शकतं. कुठलाही म्हणजे घटस्फोटाचाच नव्हे. न्यायिक विभक्ती मागा, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळं राहण्याची रीतसर मुभा. तिथेही पोराचं मागता येतं. आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर बायकोला ती स्वतः राहते तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. दौंडची सून शिरूरला राहत असेल तर तारखेसाठी दौंडला खेपा घालायची गरज नाही.

तिसरं दार २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं. कलम २१. मारहाण, शिवीगाळ, उपासमार, घरातून काढणं असं काही असेल तर तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करून मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. ती तात्पुरती राहत असेल तिथेसुद्धा हा अर्ज चालतो. तो साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असंही कायदा म्हणतो. 'प्रयत्न करावा' हे मात्र लक्षात ठेवा. कोर्टातले साठ दिवस आणि बैठकीतले चार दिवस यांत उडदामाजी काळे-गोरे निवडू नये. फरक इतकाच की कोर्टात तारीख लिहिलेली तरी असते.

तीन दारं आहेत आणि एकावरही 'आधी घटस्फोट आणा' अशी पाटी नाही. ही पाटी फक्त ओसरीवर आहे.

*

पाचव्या वाढदिवसाचं एक प्रकरण आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ असावं. हे वाक्य गावोगाव पोचलंय, पण अर्धंच. लोकांनी त्याचा अर्थ लावला तो असा: पाचपर्यंत आईचं, पाच संपले की बापाचं. त्यामुळे काही घरांत पाचव्या वाढदिवसाला बाप केक घेऊन येत नाही, वकील घेऊन येतो.

पाच वर्षं पूर्ण झाली की मूल बापाच्या नावावर चढतं, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यांत वर. बापाचा हक्क, आईचा हक्क, आजीचे डोळे, आजोबांचा बीपी, सगळं त्याच्या खाली. पोर जाणतं असेल तर त्याला काय वाटतं तेही कोर्ट विचारात घेऊ शकतं.

आणि पाचच्या आतलं मूल असेल तर? गोव्यातलं एक प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूल लहानगं, नेलं बापाने, आणि आईनेच आधी आपली लायकी सिद्ध करावी असा सूर लागलेला. सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. पाचच्या आतलं मूल आईकडे, हा नियम. नको म्हणायचं असेल तर का नको ते बापाने दाखवायचं. आमच्या बैठकीत मात्र आजही बाईलाच विचारतात, "तुझ्याकडं काय हाय त्याला द्यायला?" विचारणाऱ्याच्या नावावर तीन एकर असतात आणि त्यावर सोसायटीचा बोजा.

एक गोष्ट संसार सुरळीत असलेल्यांसाठी. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. भांडण नाही, तंटा नाही, नवरा-बायकोचं ठरलेलं. बँकेने अर्ज परत केला: बापाची सही आणा. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालय म्हणालं, बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. चौदा वर्षं लागली. एवढ्यात रोखेसुद्धा पिकून गेले असते.

म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या बँकेलाही आईच्या सहीचा भरवसा नव्हता. तर मग आपल्या सोसायटीच्या संचालकाला एकट्याला काय बोलायचं?

*

आता ज्याला जे येतं ते तो करतो. आमच्याकडे लोकांना जमिनीचा ताबा घेता येतो. पहाटे ट्रॅक्टर घालायचा, दोन तास नांगरायचं, मग म्हणायचं: वहिवाट माझी, कागद तुम्ही आणा. पोराचंही हेच चाललंय. ट्रॅक्टरच्या जागी मोटारसायकल आली इतकंच. शनिवारी "आईस्क्रीम खाऊन येतो" म्हणून पोराला टाकीवर बसवायचं, ते भीमा ओलांडूनच ब्रेक लावायचा. नेणारा कधी बाप असतो, कधी मामा. ज्याची गाडी आधी सुटली त्याची वहिवाट.

यात कायदाही थोडा लटकतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अमरावतीचं प्रकरण आलं. बापाने आपल्या तीन वर्षांच्या मुलाला आईकडून नेलं, आईने अपहरणाचा गुन्हा नोंदवला. खंडपीठाने तो रद्द केला. कोर्टाचा मनाई आदेश नसेल तर बापाने स्वतःचं मूल नेणं हे अपहरण होत नाही, कारण बाप नैसर्गिक पालक आहे. कायदा म्हणून ते बरोबर. पण शिरूर-दौंडात त्याचा सारांश कसा पोचतो बघा: "न्यायचं बिनधास्त, केस होत न्हाई."

खरा सारांश वेगळा आहे. तो त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यातच आहे: कोर्टाचा आदेश नसेल तर. आदेश आधी आणलेला असता तर चित्र पालटलं असतं. पोलीस ठाण्यातला हवालदार "घरगुती मामला हाय, मिटवून घ्या" म्हणतो, ते आपल्या हातात कागद नसतो म्हणून. कागद असला की तोच हवालदार चष्मा काढतो आणि वाचायला लागतो.

गंमत अशी की १८९० च्याच कायद्यात कलम २६ आहे. कोर्टाने ज्याला पालक नेमलं, त्याने मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायचं तर कोर्टाची परवानगी घ्यायची. म्हणजे जो रीतीने गेला त्याला परवानगी लागते, आणि ज्याला कुणीच नेमलं नाही तो टाकीवर पोर घालून मोकळा. आणि महिने उलटतील तसतसा रीतीने न गेलेल्याचा फायदाच होत जातो. पोर आता इथे रुळलंय, शाळा इथे, मित्र इथे, उपटून कशाला न्यायचं, असं कोर्टालाही वाटू लागतं, आणि मुलाचं बघून वाटलं तर चूक म्हणता येत नाही. म्हणून 'चार दिवस दम धर' हा सल्ला फुकट असला तरी स्वस्त नाही. दम धरणाऱ्याच्या विरुद्ध रोज एक दिवस जमा होतो.

*

सगळ्या पोरांसाठी मोटारसायकल निघते असंही नाही. मुलगी असेल तर बैठक एका चहात उरकते. "पोरगी आईकडंच बरी." एक मुलगा, एक मुलगी असेल तर वाटणी आणखी सोपी: दिवा इकडे, पणती तिकडे. भाऊ दौंडला, बहीण शिरूरला. रक्षाबंधनाला भेटवू, असं ठरतं आणि तेही पाऊस बघून.

आणि ज्याच्या नावाने ताबा मागितला जातो तो बाप असतो कुठे? दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन आणि राज्य राखीव दलाचं गाव. कुणी गाडीवर, कुणी बंदोबस्तावर, कुणी कुरकुंभच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला. पोराला दूध कोण देतं, आंघोळ कोण घालतं, अ-आ-ई कोण गिरवून घेतं? आजी. ताबा बापाचा, सांभाळ आजीचा, आणि बैठकीत दोघांच्याही वतीने बोलतो चुलता. आजीला विचारलं तर ती गुडघ्याला तेल चोळत खरं सांगेल. पण तीही दाराआडच बसलेली असते.

शिरूरचं वेगळं सांगायला नको. तिथे आई कंपनीत, पोर मामीकडे, आणि मामीला तिची दोन. एका भिंतीवर तीन दप्तरं. मामी तोंडाने काही म्हणत नाही, पोळ्या मोजते.

म्हणूनच पोलंडच्या निकालातला मुद्दा इकडे आणायला हवा. तिथे न्यायालयाने विमानाचं अंतर मोजलं नाही. मुलगी आजवर कुणाच्या हाताखाली वाढली, आईच्या कामाचं काय, बापाची भेट कशी राहील, हे तोललं. आपल्याकडे नेमके हेच तीन प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: "लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत हो. लोकांना स्वतःच्या घरच्या बैठका आहेत.

*

समजा शाळेत जाणारं पोर शिरूरला आलं. आता शाळा. खरी लढाई इथे.

पोराचं आधार कार्ड दौंडला, गव्हाच्या कोठीत, पिशवीत गुंडाळून. जन्मदाखला त्याच पिशवीत. आधार ऑनलाइन काढावं तर ओटीपी बापाच्या मोबाइलवर. पोर आईजवळ, ओटीपी बापाजवळ. रेशनकार्डात नाव दौंडला, ते कमी झाल्याशिवाय शिरूरच्या कार्डात चढत नाही, आणि कमी करायचा अर्ज कुटुंबप्रमुखाने करायचा. कुटुंबप्रमुख कोण, ते सांगायला नको.

मग बाई जुन्या शाळेत दाखला मागायला जाते.

"सर, दाखला पाहिजे होता."

"वडिलांची सही लागंल, ताई."

"ते देत नाहीत म्हणून तर आले."

"मग त्यांना घेऊन या."

गुरुजींनाही दोष नको. उद्या बाप येऊन टेबलावर हात आपटेल याची त्यांना धास्ती. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा गुरुजींच्या कपाटातच आहे. त्याचं कलम ५ सांगतं की मुलाला शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही की लांबवायचा नाही. दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे शिरूरची जिल्हा परिषदेची शाळा दाखल्याविना पोराला वर्गात बसवू शकते; बसवू शकते कसलं, बसवायलाच हवं. नवरा-बायकोचा तंटा आठवीपर्यंतच्या पोराच्या बाकापर्यंत येऊ नये याची सोय संसदेने केली. अडतं ते ऑफिसच्या खिडकीत.

सरकारने आणखी एक केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं, असा क्रम सक्तीचा झाला. चांगलं झालं. आईला नावात जागा मिळाली. आता पोराच्या दाखल्यावर तिची सही चालते का, एवढं कुणीतरी खिडकीवरच्या क्लार्कला कळवावं.

*

बापांवर अन्याय नको. बायको रात्रीतून पोर घेऊन माहेरी गेली, फोन ब्लॉक, पोराचा आवाज सहा महिने ऐकला नाही, असे बापही आहेत. गल्लीत हसतात म्हणून ते बोलत नाहीत. त्यांचा साधा उपाय म्हणजे मामाच्या दारात जाऊन आरडाओरडा. त्याने फार तर एक अदखलपात्र गुन्हा पदरात पडतो. कोर्टाकडे भेटीचा अर्ज त्यांनाही करता येतो. दर आठवड्याचा फोन, सुट्टीतले दिवस, सणाची वाटणी, सगळं मागता येतं. तेही घटस्फोटाविना. पण बाप कोर्टात गेला की करतो काय? "नांदायला पाठवा" असा दावा लावतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. पोराला भेटायचंय आणि मागतोय बायको.

हा दावा मराठी माणसाला नवा नाही. १८८४ साली दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर तो लावला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटलं आणि बाई डॉक्टर झाल्या. त्या निकालावर १८८७ सालीच आपल्या पुस्तकात आसूड ओढला तो पंडिता रमाबाईंनी. पुढे रमाबाईंनी टाकलेल्या, सुटलेल्या बायका-मुलांसाठी मुक्ती मिशन उभं केलं ते केडगावला, म्हणजे दौंड तालुक्यातच. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला येताना केडगाव लागतं. बैठकीला निघालेल्या गाड्या रोज तिथून जातात. थांबत नाहीत.

चौफुल्याला मात्र थांबतात. तिथे लोक येतात ते लावणीला, पण रविवारी सकाळी हॉटेलच्या एका टेबलावर वेगळाच फड असतो. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मामा, मधे पोर. बापाने दिवाळीला घेतलेले, पळताना टाचेत दिवे लागणारे बूट पोराच्या पायात. मिसळ संपते. पोर न सांगता खाली वाकतं, बूट काढतं, पिशवीतली जुनी चप्पल घालतं आणि बूट बापाच्या हातात देतं. दौंडचे बूट दौंडलाच राहतात, हा नियम त्याला कुणी शिकवला? कुणीच नाही. दोन्हीकडच्यांनी मागच्या खेपेला त्या बुटांवरून जे तोंडसुख घेतलं, ते त्याने नीट ऐकलं होतं.

*

शेवटचा प्रकार स्टॅम्पचा. बैठकीला वैताग आला की कुणीतरी म्हणतं, "लिहून घ्या एकदाचं." शंभराचा स्टॅम्प आता गेला, पाचशेचा आला; दर वाढले, अक्कल तेवढीच. मजकूर असा: 'मुलगा वडिलांकडे राहील, आईचा काहीएक हक्क राहणार नाही, पुढे तक्रार करणार नाही.' खाली सह्या, अंगठे, नोटरीचा लाल शिक्का. सगळ्यांना वाटतं, झालं पक्कं.

काही पक्कं नाही. पोर म्हणजे प्लॉट नव्हे की लिहून दिलं आणि गेलं. मुलाचं हित कशात आहे ते कोर्ट स्वतः बघतं; आई-बापाने काय लिहून दिलं त्याने ते बांधलं जात नाही. कोर्टाचा स्वतःचा आदेशसुद्धा ताब्याच्या बाबतीत कायमचा नसतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका आईला मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायची मुभा दिली तेव्हा हेच सांगितलं: मूल वाढतं, गरजा बदलतात, आदेशही बदलता येतो. जिथे कोर्ट आपल्या शब्दाला शेवटचा म्हणत नाही, तिथे माजी सरपंचांचा स्टॅम्प कोण विचारतो?

त्यापेक्षा त्याच पाचशे रुपयांत एसटीने तालुक्याच्या कोर्टात जावं. तिथे विधी सेवा समिती असते. बाईला आणि मुलाला वकील फुकट मिळतो; १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. फोन करायचा तर १५१००. मारहाण होत असेल तर १८१. पोराला धोका असेल तर १०९८. हे तीन आकडे बैठकीच्या सतरंजीवर छापून घ्यायला हरकत नाही.

आणि अर्ज करताना जास्त रडगाणं नको. पोर रोज कुणाकडे असतं, शाळा कुठली, फी कोण भरतं, आजारपणात दवाखान्यात कुणी नेलं, नव्या गावी त्याची सोय काय, दुसऱ्या पालकाची भेट कशी घडवाल, हे तारीखवार लिहा. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. पोलंडची परवानगी बापाच्या भेटीच्या सोयीसकट मिळाली, ती तोडून नव्हे. शिरूरवालीने "दर रविवारी मीच चौफुल्याला आणून देते" असं अर्जात लिहिलं, तर समोरच्या वकिलाचं निम्मं भाषण तिथेच संपतं.

बैठका बंद करा, असं कोण म्हणतंय? बसा. सतरंज्या झटका, चहा सांगा, भांड्याला भांडं लावा. नवरा-बायकोचं जुळलं तर पेढे वाटायला आम्हीही येऊ. फक्त अजेंड्यावरून पोराचं नाव काढा आणि त्याचा अर्ज आधी कोर्टात जाऊ द्या. तुमच्या मिटवामिटवीला मुदत नाही, त्याच्या पहिलीला आहे. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि हजेरीत 'प्रकरण मिटवण्यात आहे' असा रकाना नसतो.